स्कार्फ न काढता घेतलेला आकडा

मी डबा बोलतोय. जेवणाचा नव्हे. हातभर लांबीचा, ॲल्युमिनियमचा, एका टोकाला वायर फुटलेला. कागदोपत्री माझं नाव लांबलचक आहे, पण ज्यांनी ज्यांनी मला हाताळलं त्यांनी डबाच म्हटलं आणि मलाही ते अंगवळणी पडलं.

माझ्या पोटात काचेसारखा एक स्फटिक आहे. डोळ्यांना न दिसणारे किरण त्याच्यावर आदळले की क्षणभर उजेड चमकतो. पाठीमागची नळी त्या चमका मोजते आणि पडद्यावर आकडा येतो. माणसाच्या गळ्यात, कंठाच्या जरा खाली, एक लहानशी ग्रंथी असते. ती आयोडीनची हावरी. साधं आयोडीन काय, किरण सोडणारं काय, तिला फरक कळत नाही; मिळालं की ओढून घेते. मला त्या ग्रंथीसमोर धरायचं आणि आत किती साठलंय ते मी सांगायचं. एवढंच माझं काम.

पण आज मी माझे पराक्रम सांगायला बसलेलो नाही. माझ्यामुळे एका बाईच्या आयुष्यातली नऊ वर्षं नासली. ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला अडगळीत जायचं नाही.

माझा स्फटिक एका भट्टीत तीन आठवडे हळूहळू वाढवला गेला. घाई केली असती तर त्याला तडे गेले असते, म्हणून तिथले कारागीर भट्टीच्या आसपास पावलं न वाजवता चालत. तो माझ्या पोटात बंद केला तेव्हा माझ्यासोबत शिशाची एक जाड कॉलर दिली. ती तोंडाभोवती बसवली की मला फक्त समोरचं दिसे. घोड्याला झापडं लावतात ना, तसं. झापडं नसली की चारी बाजूंचे किरण आत घुसतात आणि कुठला कुठून आला ते मला कळत नाही. कॉलर सात किलोची होती. तिला उचलताना सगळेच तोंड वाकडं करत.

मी एका इस्पितळात आलो. तिथे मला हाताळणारा तंत्रज्ञ तिशीचा होता, पण सगळे त्याला मास्तर म्हणत. कारण तो रुग्णांना शाळेतल्या मुलांसारखं दटावी. "मान सरळ. गिळायचं नाही. बोलायचं नाही." त्याचा नेम ठरलेला. आधी रिकामी खुर्ची मोजायची, मग रुग्णाची मांडी, मग गळा. मांडीत ती ग्रंथी नसते. रक्तातून जे फिरत असतं तेवढंच मांडीत सापडतं. ते गळ्याच्या आकड्यातून वजा केलं की ग्रंथीचं खरं बिंग फुटतं.

मोजून झालं की बहुतेक जण पडद्याकडे बघून एकच विचारत, "पास का?" मास्तर म्हणायचा, "इथे नापास कुणीच होत नाही." मला तो आवडायचा. ती पाच वर्षं सुखाची गेली.

मात्र त्या पाच वर्षांत आम्ही दोघं एकच गोष्ट शिकलो. इस्पितळातल्या रुग्णांनी आयोडीन औषध म्हणून घोटभर प्यायलेलं असे. ते नेहमी आतच असायचं. बाहेर, कपड्यांवर, केसांत घेऊन कुणी आलं तर काय करायचं, हे मास्तरला कुणी शिकवलं नव्हतं. शिकवायला हवं असं कुणाला वाटलंही नव्हतं.

शहराबाहेर एक कारखाना होता. आमच्या रुग्णांचं आयोडीन तिथेच तयार व्हायचं. एका सकाळी तिथल्या चिमणीची गाळणी निकामी झाली, किरण सोडणारं आयोडीन हवेत गेलं आणि दोन पाळ्या होईपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी एका शाळेच्या व्यायामशाळेत चारशे माणसं रांगेत उभी होती आणि त्यांच्यासाठी मी एकटा होतो.

सकाळी नेम पाळला गेला. रिकामी खुर्ची, मांडी, गळा, प्रत्येकी दोन मिनिटं. दहा वाजता शिशाची कॉलर उतरली, कारण तिच्या वजनाने मला धरून ठेवणारा उभा दांडा सारखा खाली येत होता. मास्तर मला हातात धरून मोजू लागला. साडेअकराला अधिकारीसाहेब आले. त्यांनी रांगेचं शेपूट पाहिलं. "अहो, हात चालवा जरा! मांडी बिंडी काय मोजत बसलाय? लोक भोवळ येऊन पडतायत." मांडी गेली. दोन मिनिटांची तीस सेकंदं झाली. दारापाशी वरचे कपडे उतरवून घ्यायला दोन स्वयंसेवक होते, त्यांनाही पाणी वाटायला पिटाळलं.

मला कळत होतं. कॉलर नसल्याने सगळीकडून टकटक ऐकू येत होती. पण रांगेतल्या बहुतेकांचे आकडे चाळीस, पन्नास. म्हणजे खोलीत होतं तेवढंच. चाललंय ते चालू दे, असं मलाही वाटलं.

दुपारी ती आली. पंचविशीची असेल. कापडी स्कार्फ गळ्यावरून छातीवर पसरून घट्ट धरलेला.

"काम कुठे करता?" मास्तरने विचारलं.

"लाँड्रीत."

त्याने 'लाँड्री' लिहिलं. कुणाचे कपडे धुता, हे विचारलं नाही. तिच्या लाँड्रीत त्या कारखान्याचे कोट धुवायला येत आणि आदल्या दिवशीचं गाठोडं तिने याच खांद्यावरून, मानेला टेकवून आत नेलं होतं. तिने आपण होऊन सांगितलं नाही. तिला काय ठाऊक?

"ताई, स्कार्फ काढता का जरा?"

तिने मागे पाहिलं. रांगेत तीस-चाळीस पुरुष. मग तिने मान खाली घातली आणि स्कार्फ बोटभर उचलला. खालचा सदरा भिजला होता. घरी दोन महिन्यांचं बाळ होतं, ती तीन तास रांगेत होती आणि पान्हा फुटला होता.

मास्तर कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. "राहू द्या, राहू द्या," तो म्हणाला आणि स्कार्फवरूनच मला तिच्या गळ्यासमोर धरलं.

तो वाईट माणूस नव्हता. एका बाईची लाज राखावी एवढंच त्याच्या मनात होतं.

तीस सेकंदांत आकडा आला: नऊशे वीस.

आता जे सांगतो ते मी आजवर लपवलंय. मला आनंद झाला. सकाळपासून रिकामे गळे मोजून मी कंटाळलो होतो. एवढी माणसं, एवढी धावपळ, आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. तिच्यासमोर धरल्याबरोबर माझ्या पोटात नुसती उधळपट्टी झाली उजेडाची. चला, आपण कामाचे आहोत! स्कार्फवरून येणारा किरण आणि गळ्याच्या आतून येणारा किरण यांत मला भेद करता येत नव्हता हे खरं, पण मला तो करायचाही नव्हता.

डॉक्टरीणबाई आल्या. आकडा पाहून त्यांनी तिला बाजूला घेतलं. "बाळाला पाजणं आजपासून बंद. दुधातून जाईल त्याच्यात."

"किती दिवस?"

"कळवू."

"पण तो बाटली घेत नाही हो."

"घेईल. भूक लागली की सगळी घेतात."

स्कार्फ धुवा, अंघोळ करा, डोकं धुवा, असं मात्र तिला कुणी म्हणालं नाही. जी गोष्ट खरोखर धोक्याची होती ती गळ्यात घालूनच ती घरी गेली.

पुढचं मी पाहिलं नाही. ते मला नऊ वर्षांनी तिच्याच तोंडून कळलं.

डॉक्टरीणबाईंनी फक्त पाजू नको म्हटलं होतं. उरलेलं घरच्यांनी आपल्या पदरचं जोडलं. बाळाला नणंदेच्या घरी हलवलं. सासू म्हणाली, "चार दिवस दूर राहिलीस तर काही मरत नाहीस." त्या बाळाला घरात गब्बू म्हणत, इतकं ते गुबगुबीत होतं. त्याने दोन दिवस बाटलीला तोंड लावलं नाही. लावलं तेव्हा त्याला जुलाब लागले. इस्पितळात नेलं. सगळे आत गेले, आत्या, आजी, नवरा. ती काचेबाहेर उभी राहिली. आत सुईसाठी शीर सापडत नव्हती म्हणून गब्बू किंचाळत होता आणि तिचा सदरा पुन्हा भिजत होता. नवरा बाहेर येऊन म्हणाला, "तू घरी जा बरं. तू दिसलीस की तो जास्त रडतो."

बाळ वाचलं. पण बाराव्या दिवसापर्यंत तिचं दूध आटलं होतं.

बाराव्या दिवशी बाहेरगावाहून तज्ज्ञांचं पथक आलं. म्होरक्या एक पिकल्या केसांच्या बाई होत्या. त्यांनी तिला पडद्याआड नेलं, कपडे बदलायला लावले, हात-मान-केस धुवायला लावले आणि मग त्यांच्या यंत्राने सावकाश मोजलं. गळ्यात काही नव्हतं. हे आयोडीन आठ दिवसांत निम्मं होतं, पुढच्या आठ दिवसांत त्याच्या निम्मं. बारा दिवसांनी तिसरा हिस्सा तरी उरायला हवा होता. ग्रंथीत गेलेलं असं झाडून पुसून नाहीसं होत नाही.

त्या दुपारी त्या बाईंनी मला तपासलं. ठाऊक असलेला नमुना समोर ठेवला. मी चोख आकडा दिला. तीनदा ठेवला, तीनदा चोख. त्यांनी मास्तरकडे पाहिलं. "डबा तर ठणठणीत आहे. त्या दिवशी वरचे कपडे काढले होते ना?"

मास्तरने मला घट्ट धरलं होतं.

"हो," तो म्हणाला.

एकच अक्षर. अहवालात आलं, 'यंत्रात अधूनमधून उद्भवणारा दोष.' तिला सांगितलं गेलं, "मशीन बिघडलं होतं, तुम्हाला काही झालेलं नाही." नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात; इथे अंगण मी होतो. माझ्यावर 'सदोष' अशी चिठ्ठी चिकटली आणि मी कपाटात गेलो.

सहा वर्षं होतो तिथे. खोटा आळ आला म्हणून मला राग यायला हवा होता. पण नऊशे वीसचा आनंद मीच चाखला होता, मग कुठल्या तोंडाने रागावू?

मग सरकारला जाग आली. अपघातानंतर माणसांच्या आत गेलेलं मोजायचं कसं, हे शिकवण्यासाठी केंद्र निघालं. तिथे शिकवणार कोण? ज्याला अनुभव आहे तो. मास्तर आता खरोखरच मास्तर झाला. सरावासाठी त्याने कपाटातून मला काढलं. "सदोष आहे, पण शिकायला चालेल," असं तो वरिष्ठांना म्हणाला. माझ्याकडे पाहून नाही म्हणाला.

खरं सांगायचं तर तो शिकवायचा फार सुंदर. दर तुकडीत वीसेक जण असत: परिचारिका, अग्निशमन दलातले जवान, प्रयोगशाळेतली मंडळी. टेबलावर प्लॅस्टिकचा एक गळा असे, बरणीएवढा, आत औषधाची कुपी ठेवायची सोय असलेला. त्यावर ते हात बसवत. कुणी कॉलरला हात लावला की मास्तर ओरडे, "ती उतरवायची नाही! दांडा पडला तर दांडा बदला." कपडे, अंघोळ, पडदा, सगळं दहा दहा वेळा घोकून घेई. आणि दर वेळी कुणीतरी विचारी, "सर, तुमच्या वेळी कधी चूक झाली का?"

"एकदा," तो म्हणे. "मशीनने दगा दिला."

मी टेबलावरच असे.

तीन वर्षं अशी गेली. मग केंद्राने ठरवलं, प्लॅस्टिकचा गळा पुरे, खरी माणसं बोलवा. आसपासच्या वस्तीतून दहा जण आले. त्यांच्यात ती होती.

मास्तरने तिला दारातच ओळखलं. तिने त्याला ओळखलं नाही. त्या दिवशी त्याच्या तोंडावर मास्क होता. ती खुर्चीत बसली. समोर एक तरुण परिचारिका आणि अग्निशमन दलातला एक आडदांड जवान होता.

"घाबरू नका हं ताई," परिचारिका म्हणाली.

"घाबरत नाही ग. नऊ वर्षांपूर्वी बसलेय मी अशी." आणि तिने सगळं सांगितलं. रांग, गब्बू, काच, आटलेलं दूध. बाजारातली हकीकत सांगावी तसं.

जवान म्हणाला, "पण नंतर तुम्हाला सांगितलं ना, काही नाही म्हणून?"

"सांगितलं. मशीन बिघडलं होतं म्हणाले." ती हसली. "मग मी म्हटलं, पहिलं बिघडू शकतं तर दुसरं कशावरून बिघडलेलं नव्हतं? एक म्हणतं आहे, एक म्हणतं नाही. मी कुणाचं ऐकू? नवऱ्याला म्हटलं, आपल्याला दुसरं मूल नको. माझ्या अंगातलं त्याच्यात गेलं तर? तो बिचारा बरं म्हणाला. आजही गब्बू आजारी पडला की मला वाटतं, माझ्यामुळेच."

मला तोवर वाटत होतं की माझा गुन्हा त्या बारा दिवसांचा. त्या क्षणी कळलं, तो रोज घडत होता.

मास्तर भिंतीपाशी उभा होता. तो पुढे आला आणि तिच्यासमोर जमिनीवरच बसला, कारण दुसरी खुर्ची नव्हती.

"ताई, मोजणारा मी होतो. मशीन बिघडलेलं नव्हतं."

"मग?" तिने विचारलं.

"तुमच्या लाँड्रीत कारखान्याचे कोट यायचे, हे मला नंतर कळलं. त्यांच्यावरचं आयोडीन तुमच्या स्कार्फला लागलं होतं. स्कार्फ काढायला लावायला हवा होता. पडदा मागायला हवा होता. मी ते केलं नाही, आणि नंतर विचारलं तेव्हा केलं म्हणून सांगितलं."

"म्हणजे आत नव्हतंच?"

"नव्हतं. त्या बाईंनी बाराव्या दिवशी नीट मोजलं होतं. त्यांचा आकडा खरा होता."

"घरी जाऊन स्कार्फ धुतला असता, डोकं धुतलं असतं, तर?"

मास्तर म्हणाला, "संपलं असतं."

ती मग परिचारिकेकडे वळून म्हणाली, "मोज ग तू. नीट मोज."

पडदा ओढला. तिने कपडे बदलले, हात आणि मान धुतली. कॉलर बसवली. रिकामी खुर्ची बेचाळीस. मांडी एकेचाळीस. गळा बेचाळीस. मी आयुष्यात इतकं जपून कधी मोजलं नव्हतं.

"झालं. काही नाही ताई!" परिचारिका आनंदाने म्हणाली.

"थांब," मास्तर म्हणाला. "खोटी खात्री देऊ नकोस. नऊ वर्षांत ते आयोडीन असतं तरी विरून गेलं असतं. आजचा आकडा तेव्हाचं सांगू शकत नाही. तेव्हाचं हा डबा नाही सांगणार. ते मीच सांगायला हवं होतं."

ती उठली. "मग हे माझ्या नवऱ्यासमोर येऊन सांगा," ती म्हणाली. "आणि सासूसमोर. आणि गब्बूला कळेल अशा शब्दांत त्यालाही. आणि कागदावर द्या."

तो गेला. तिघांसमोर बोलला. सासूबाई म्हणे उठून आत निघून गेल्या आणि दार लावून घेतलं. अहवाल बदलला, चौकशी झाली, मास्तरचं शिकवणं वर्षभर बंद ठेवलं. माझ्यावरची चिठ्ठी त्यानेच नखाने खरवडून काढली; डिंकाचा डाग राहिला.

ती त्याला क्षमा करून मोकळी झाली असं मी सांगणार नाही. आता तो पुन्हा शिकवतो आणि दर तुकडीला ती येते, पण त्याच्याशी कामापुरतंच बोलते. तिचं येणं शिकणाऱ्यांना आधी सांगत नाहीत. ती स्कार्फ घट्ट धरून बसते, लाजते, आढेवेढे घेते. कुणी "असू दे" म्हटलं की ती स्वतःच त्याला नापास करते, आणि मग पाणी देऊन समजावते, "अरे, माझी लाज राखायची तर पडदा आण. मोजणी सोडू नकोस." ही मंडळी तिला जेवढी घाबरतात तेवढी किरणांनाही घाबरत नाहीत.

माझं म्हणाल तर माझे दिवस भरले. सांध्यातून कुठेतरी ओल शिरली आहे आणि स्फटिक कडेने पिवळा पडतोय. पुढच्या महिन्यात नवं यंत्र येईल. मला कापून, आतलं दिसेल असा, वर्गातल्या फडताळावर ठेवणार आहेत. हवेतली ओल लागली की थोड्या दिवसांत माझा स्फटिक विरघळून जाईल. जाऊ दे.

तुमच्यापैकी कुणाच्या हाती माझ्यासारखा डबा येईल, कुणी त्याच्यासमोर बसेल. मोजणाऱ्यांना माझं एवढंच मागणं: चूक झाली तर ती कशी झाली ते त्या माणसाला त्याच दिवशी सांगा. आमच्यावर ढकलू नका. आम्ही सोसू, पण ज्याला खरं कारण कळत नाही तो ते स्वतःच्या अंगात शोधत राहतो.

आणि तिची माफी? ती मला मागता येत नाही. मला फक्त आकडे बोलता येतात. परवा तिचा गळा पुन्हा मोजला, चाळीस आला. ती पडद्याआडून बाहेर आली, केस पुसत, आणि पुढच्याला म्हणाली, "बस रे. घाई नाही."